माहुलचा वास दिसतो कसा?

मुलांनो, मुंबईचा नकाशा काढा बरं. चेंबूरवर बोट ठेवा आणि ते हळूहळू खाली, दक्षिणेकडे सरकवा. बोटाच्या उजव्या बाजूला तुर्भ्याचा डोंगर येईल, डाव्या बाजूला खाडी येईल, आणि या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक नाव दिसेल, माहुल. नकाशात ते इतकं बारीक छापलेलं असतं की सापडायला वेळ लागतो. प्रत्यक्षात मात्र माहुल जवळ आलं हे डोळे मिटूनसुद्धा कळतं! बसच्या खिडकीतून वास आत येतो. कधी रॉकेलसारखा, कधी नुकत्याच उघडलेल्या रंगाच्या डब्यासारखा, तर कधी नासक्या अंड्यासारखा. मग त्यात खाडीच्या चिखलाचा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मिसळतो. पण हे दोन वास तर कुठल्याही कोळीवाड्यात असायचेच.

आज आपण या माहुलला जाणार आहोत. तिथं किल्ला नाही, लेणी नाहीत, बाग नाही. मग जायचं कशाला? तर एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. जो पदार्थ हवेत आहे, पण डोळ्यांना दिसत नाही, तो दुसऱ्याला दाखवायचा कसा? प्रश्न साधा वाटतो ना? पण या गावातल्या माणसांची कितीतरी वर्षं त्यात गेली आहेत.

आधी थोडा इतिहास. माहुल ज्या जमिनीवर आहे ते पूर्वी एक वेगळं बेट होतं. तुर्भे बेट. (नव्या मुंबईतलं तुर्भे वेगळं बरं का! ते खाडीच्या पलीकडे.) इंग्रज त्याला ‘ट्रॉम्बे’ म्हणायचे. बेटावर डोंगर, झाडी, भातशेती आणि किनाऱ्याला कोळ्या-आगऱ्यांची गावं. मग १९५० नंतर इथलं चित्र भराभर बदललं. १९५४ मध्ये पहिला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९५५ मध्ये दुसरा. हे कारखाने तेव्हा परदेशी कंपन्यांचे होते; पुढे सरकारने ते ताब्यात घेतले आणि त्यांचं हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झालं. १९५६ मध्ये टाटांचं वीजकेंद्र आलं, नंतर खताचा कारखाना आला. आणि डोंगराच्या पलीकडच्या उतारावर अणुसंशोधन केंद्र आलं, तेच आपलं भाभा अणुसंशोधन केंद्र. तेलाची जहाजं लागायला खोल पाणी जवळ, जागा मोकळी आणि मुंबई शहर हाकेच्या अंतरावर. कारखानदारांना आणखी काय हवं? गावं मात्र होती तिथंच राहिली. टाक्या त्यांच्या भोवती उभ्या राहिल्या.

मी गेले ती फेब्रुवारीतल्या एका रविवारी. बरोबर आमच्या शाळेतली नऊ मुलं आणि दोन पालक. चेंबूर स्टेशनवरून बस पकडली. रामकृष्ण चेंबूरकर मार्ग सुरू झाला तसे रस्त्याच्या कडेला टँकर दिसायला लागले. एकामागे एक, पुढचा हलेल तेव्हा मागचा हलेल अशा रांगा. भिंतीपलीकडे पांढऱ्या गोल टाक्या. मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे नाद सोडला. जमिनीलगत पाइपांचे जुडगे, आणि दूर एका उंच नळकांड्याच्या टोकाला भर दिवसा पेटलेली ज्योत. “बाई, तिथं आग लागलीय!” असं एकजण ओरडलाच. ती आग मुद्दाम लावलेली असते. जास्तीचा वायू तसाच सोडला तर धोका, म्हणून तो वर नेऊन जाळून टाकतात.

गावात शिरलो आणि एकदम आवाज कमी झाला. लहान लहान घरं, दारात जाळी, ओट्यावर टोपल्या. पुढे गेलं की तिवरांची झाडी आणि झाडीच्या पुढे चिखल. ओहोटी होती. पाणी दूर गेलं होतं आणि नजर जाईल तिथपर्यंत करडा, ओला, चमकणारा चिखल. त्यात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. (निवटी हा मासा आहे, पण चिखलात कल्ल्यांजवळच्या परांवर चालतो, लबाड!) आणि लांबवर पाण्याच्या काठाला एक फिकट गुलाबी रेघ. दुर्बिणीतून पाहिलं तर रोहित पक्षी! शेकडो. मान खाली, चोच उलटी, चिखलमिश्रित पाणी गाळून घेत चाललेले. माहुलपासून शिवडीपर्यंतच्या या चिखलात साधारण १९९४ पासून रोहित पक्षी दर हिवाळ्यात येताना दिसतात. शिवडीहून निघणारा आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू याच चिखलावरून पुढे समुद्रात जातो.

या पक्ष्यांचा गुलाबी रंग लक्षात ठेवा. त्याच्याशी आपलं काम आहे.

एका ओट्यावर एक मावशी कोळंबी सोलत बसल्या होत्या. मुलं भोवती जमली. कोळंबी कशी धरतात, चिंबोरी कशी पकडतात, सगळं विचारून झालं. मग एका मुलीने विचारलं, “मावशी, तुम्हांला हा वास नाही का येत?” मावशी हसल्या. म्हणाल्या, “दिवसा कमी असतो गं. रात्रीचा येतो. डोळे चुरचुरतात, पोरं खोकतात. सकाळी सांगायला जावं तर विचारतात, कुठंय वास? तोवर वारा फिरलेला असतो. आता वास काय बाटलीत भरून न्यायचा?”

मुलं हसली. मीही हसले. पण बसमध्ये परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण मावशींनी जे चेष्टेत म्हटलं, ते खरंच करतात. वास बाटलीत भरतात! आणि पुढे त्याचं चित्रही काढतात.

पण त्याआधी नाकाविषयी दोन शब्द. आपलं नाक हे भलतंच तिखट यंत्र आहे. घरच्या गॅस सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा घाण वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात, आणि तो हवेच्या अब्जावधी कणांत एखादा असला तरी नाक ओळखतं. पण हेच नाक दुसऱ्या ठिकाणी पार फसतं. बेन्झीन नावाचा पदार्थ घ्या. तो पेट्रोलमध्ये असतो, आणि फार काळ श्वासातून गेला तर त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्या देशात २००९ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे एक घनमीटर हवेत बेन्झीन वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोका डोळ्यांपुढे आणा. आता बारीक साखरेचा एक दाणा घ्या, त्याचे शंभर तुकडे करा आणि त्यातला एक तुकडा त्या खोक्यात टाका. इतकंच! आणि नाकाला बेन्झीनचा वास केव्हा येतो? या मर्यादेच्या साधारण हजारपट झाल्यावर. म्हणजे वास येत नाही म्हणून हवा चांगली असं म्हणता येत नाही. आणि वास येतो म्हणून तो बेन्झीनचाच आहे असंही म्हणता येत नाही. शिवाय नाकाला सवय होते. चार तास एका वासात बसलं की तो वास येईनासाच होतो. पाहुण्याला येतो, घरच्याला येत नाही.

मावशींचं म्हणणं खरं असूनही कुणाला पटत नव्हतं ते यामुळे. एका नाकाने घेतलेला वास दुसऱ्या नाकाला देता येत नाही. कागदावर चिकटवता येत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा काढून दाखवता येत नाही.

मग भरायचा कसा? दोन रीती आहेत. एक म्हणजे पोलादाचा गोळा. प्रयोगशाळेत पंपाने त्याच्यातली सगळी हवा काढून टाकतात आणि तोंड घट्ट बंद करतात. हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी तोंड थोडं उघडलं की बाहेरची हवा आपोआप आत शिरते. दुसरी रीत म्हणजे पेन्सिलीएवढी काचेची नळी. तिच्यात खास तयार केलेल्या कोळशाचे दाणे असतात. छोट्या पंपाने कित्येक तास हवा त्या नळीतून ओढतात. हवा निघून जाते, पण बेन्झीनसारखे पदार्थ कोळशाला चिकटून राहतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कारखान्यांशेजारी राहणाऱ्या लोकांनी तर चक्क झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत पिशवी बसवून हवा पकडण्याची सोय केली. आपल्या देशात तामिळनाडूतल्या कडलूरच्या गावकऱ्यांनीही तसल्या बादल्या वापरल्या. वास आला की बादली उघडायची, मग दिवस असो की मध्यरात्र.

आता हवा तर पकडली. पण तिच्यात पन्नास पदार्थांची मिसळ झालेली असते. ते वेगळे कसे करायचे? इथं आपले गुलाबी रोहित मदतीला येतात.

रोहित पक्ष्याचं पिल्लू जन्मतः गुलाबी नसतं, करड्या रंगाचं असतं. गुलाबी रंग येतो तो खाण्यातून. चिखलातल्या शेवाळात कॅरोटिनॉइड नावाचे रंगपदार्थ असतात. गाजरात आणि टोमॅटोतही त्याच घराण्यातले रंग असतात. झाडाच्या हिरव्या पानातसुद्धा ते लपलेले असतात, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेले. हे डोळ्यांना पहिल्यांदा सुटं करून दाखवलं ते मिखाइल त्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने, १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्याने काचेची उभी नळी घेतली, तिच्यात खडूची पूड ठासून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. अर्क खाली झिरपू लागला तसतसे नळीत पट्टे उमटले. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, नारिंगी वेगळा! या रीतीला त्याने नाव दिलं क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगांचं लेखन. आणि गंमत म्हणजे रशियन भाषेत ‘त्वेत’ या शब्दाचाच अर्थ रंग.

हे तुम्ही घरी करून पाहा. एक पांढरा खडू घ्या. त्याच्या एका टोकापासून दोन बोटं वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ मारा. वाटीत बोटभर पाणी घ्या आणि खडू त्यात उभा ठेवा, पण रेघ पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पाणी खडूतून वर चढू लागेल आणि काळी रेघ फुटेल! आमच्या वर्गात निळा, जांभळा आणि तळाशी पिवळट असे रंग निघाले. दुसऱ्या कंपनीच्या पेनातून मात्र निळ्याबरोबर लालसर निघाला. दोन्ही पेनं कागदावर अगदी सारखी काळी दिसत होती. (पेन पाण्याच्या शाईचं हवं, पक्क्या शाईचं नको. आणि शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, त्वेतचा खडू चुनखडीच्या जातीचा होता. पण आपलं काम दोन्हींत होतं.)

असं का होतं? बाजारच्या गल्लीत घरातली सगळी माणसं एकाच वेळी शिरली असं समजा. बाबा सरळ चालत दुसऱ्या टोकाला पोहोचतात. आई बांगड्यांच्या दुकानाशी थांबते. तुम्ही पाणीपुरीशी थांबता. आजी तर ओळखीच्या प्रत्येकीशी बोलत बोलत येते. शिरताना सगळी बरोबर, बाहेर पडताना एकेक. शाईतले रंगही तसेच. ज्याला खडूची ओढ जास्त तो मागे रेंगाळतो, ज्याला पाण्याची ओढ जास्त तो पुढे पळतो.

हवेतल्या वायूंसाठी हीच गल्ली फार लांब आणि फार बारीक करतात. तीस-तीस मीटर लांबीची, आतून केसांपेक्षा थोडीच जाड पोकळी असलेली नळी वेटोळं करून भट्टीत ठेवतात. मार्टिन आणि सिंज या दोन इंग्रज शास्त्रज्ञांना क्रोमॅटोग्राफीच्या कामासाठी १९५२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, आणि वायूंची ही रीतही त्याच वर्षी मार्टिनने जेम्स या सहकाऱ्याबरोबर जगापुढे मांडली. एकेक पदार्थ नळीच्या टोकाशी येतो, तिथं हायड्रोजनच्या इवल्याशा ज्योतीत जळतो, जळताना विजेचा अगदी हलका प्रवाह निर्माण होतो आणि तेवढ्याने यंत्राची रेघ वर उडी मारते. कागदावर डोंगरच डोंगर उमटतात. आधी शुद्ध बेन्झीन घालून त्याचा डोंगर कितव्या मिनिटाला येतो ते पाहून ठेवलेलं असतं. मग माहुलच्या हवेचा नमुना घालायचा. त्याच मिनिटाला डोंगर आला तर बेन्झीन आहे, आणि डोंगर जितका मोठा तितकं ते जास्त! अर्थात वेळ सारखी म्हणजे पदार्थ तोच अशी खात्री नेहमीच नसते, म्हणून पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या यंत्रानेही पडताळा घेतात.

जे पदार्थ असे उडून जात नाहीत त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे, आणि ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात खरोखरीचा फोटो काढतात. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या पुडीचा पातळ लेप देतात. खालच्या कडेला तपासायच्या पदार्थाचा थेंब ठेवायचा आणि पट्टी द्रवात उभी करायची. आपल्या खडूसारखंच! पण बरेच पदार्थ बिनरंगाचे असतात, ते पट्टीवर वर चढले तरी दिसणार कसे? म्हणून लेपात एक चमकणारी भुकटी मिसळलेली असते. अंधाऱ्या पेटीत पट्टीवर अतिनील किरण सोडले की सगळी पट्टी हिरवी चमकते आणि जिथं पदार्थ बसला आहे तिथं काळा ठिपका दिसतो. कॅमेरा त्याचं चित्र घेतो आणि ठिपका किती गडद आहे यावरून संगणक पदार्थाचं प्रमाण काढतो. कुणाच्या पोटात विष गेलं का, औषधात भेसळ आहे का, असल्या तपासात ही पट्टी कामाला येते. असले तपास करणारी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा आपल्या उपनगरातच, कलिन्याला आहे.

“पण बाई, सरळ वायूचाच फोटो काढता येत नाही का?” हे मला वर्गातल्या एकाने विचारलं. येतो! टीव्हीच्या रिमोटच्या पुढच्या दिव्याकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण पुष्कळ मोबाइलमध्ये दिवा लुकलुकताना दिसतो. तो अवरक्त प्रकाश. आपले डोळे त्याच्या बाबतीत आंधळे. पेट्रोलच्या वाफेतले वायू अवरक्त प्रकाशातला एक ठरावीक भाग शोषून घेतात. नेमका तेवढाच भाग पाहणारा कॅमेरा बनवला तर त्याला ती वाफ धुरासारखी दिसते. त्यासाठी कॅमेऱ्यातला पाहणारा तुकडा शून्याखाली जवळजवळ १९० अंशांपर्यंत थंड करावा लागतो, नाहीतर कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच उष्णतेने चित्र भरून जाईल. डोळ्यांना कोरडा, स्वच्छ वाटणारा पाइपाचा सांधा या कॅमेऱ्यातून पाहिला तर धूर ओकताना दिसू शकतो. गळती शोधायची आणि बंद करायची असा नियम आपल्याकडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना २००८ पासून लागू आहे. या कॅमेऱ्याची खोड एकच. गळती कुठं आहे ते तो चटकन दाखवतो, पण वायू नेमका कुठला आणि किती हे त्याला नीट सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा ती तीस मीटरची गल्लीच गाठावी लागते.

गळतीच हवी असंही नाही. रिकाम्या टाकीत तेल भरताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. रिकाम्या बाटलीत पाणी ओता, तोंडाशी तळहात धरा, आतली हवा हाताला लागेल. तसंच. त्या टँकरच्या रांगा आठवताहेत ना?

आता जरा डोंगराच्या पलीकडे डोकावू. नुसतं डोकावायचं, कारण आत जायला परवानगी लागते. भाभा अणुसंशोधन केंद्रात ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. ती २००९ मध्ये थांबवली आणि सुधारून सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा सुरू केली. या भट्टीतून न्यूट्रॉन नावाचे कण मिळतात, आणि त्यांनीही चित्र काढता येतं! तुमचा हात मोडला तर क्ष-किरणांचा फोटो काढतात. क्ष-किरण मांसातून आरपार जातात, हाडाशी अडतात, आणि शिशाच्या पत्र्यापुढे तर त्यांचं काहीच चालत नाही. न्यूट्रॉनचं सगळं उलटं. ते शिशातून सहज पार होतात आणि पाण्यात, तेलात, जिथं हायड्रोजन आहे तिथं अडखळतात. शिशाच्या जाड भांड्यात एक फूल ठेवा. क्ष-किरणांना दिसेल फक्त भांडं. न्यूट्रॉनना भांडं दिसेल फिकट, आणि आतलं फूल पाकळ्यांसकट! बंद धातूच्या पोटात पाणी शिरलं आहे का, काडतुसात दारू नीट भरली आहे का, हे न फोडता अशा चित्राने कळतं.

मला राहून राहून नवल वाटतं ते या डोंगराचं. एका उतारावर शिशाच्या आतलं फूल दिसतं, आणि दुसऱ्या उतारावर माणसं ‘रात्री वास येतो हो’ असं सांगत फिरत होती.

पण ती नुसती सांगत बसली नाहीत. केईएम रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी माहुल आणि शेजारच्या आंबापाड्यात घरोघर जाऊन श्वासाच्या तक्रारींची पाहणी केली होती. २०१४ मध्ये इथले रहिवासी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. पर्यावरणाचे खटले चालवणारं हे न्यायालय. तिथं केईएमचा अहवाल आला, हवेच्या मोजमापांचे आकडे आले. म्हणजे आता वास कागदावर होता. कुणाचंही नाक मधे न आणता तो वाचता येत होता. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं, की इथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाड्याच्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरायचा आदेश दिला.

दरम्यान माहुलमध्ये आणखी माणसं आली होती. तानसा तलावाच्या जलवाहिनीला लागून असलेल्या घाटकोपर, विद्याविहारसारख्या ठिकाणच्या झोपड्या हटवल्या आणि तिथल्या कुटुंबांना माहुलच्या सातमजली इमारतींत आणून ठेवलं. पक्कं घर, नळ, वीज, पण खिडकी उघडली की समोर टाक्या. ही माणसंही कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना इच्छेविरुद्ध तिथं ठेवू नका, दुसरीकडे राहायला दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. माहुलची हवा कशी आहे हे तोवर कागदावर आलेलं होतं. नुसत्या ‘वास येतो’ या तक्रारीवर हे झालं असतं का? तुम्हीच विचार करा. मला तरी वाटत नाही.

आमच्या सहलीतल्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, “बाई, माहुलला मोठं यंत्र असतं आणि ते रोज चित्र काढून गावाच्या चौकात लावलं असतं तर?” मी म्हटलं, तू मोठी होऊन लाव. ती म्हणाली, “तोपर्यंत कोण लावणार?” याच्यावर मला काही सुचलं नाही.

तुम्हांला माहुल पाहायला जायचं असेल तर डिसेंबर ते एप्रिल हे महिने बरे, पावसाळ्यापूर्वी रोहित निघून जातात. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहा. भरतीला गेलात तर चिखल पाण्याखाली असतो आणि पक्षी लांब पांगलेले असतात. पाणी ओसरायला लागून तास-दीड तास झाला की ते काठाजवळ खायला येतात. दुर्बीण न्या. कारखान्यांचे आणि डोंगरावरचे फोटो काढू नका, मनाई आहे. आणि कितीही मोह झाला तरी चिखलात उतरू नका. वरून टणक दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि चप्पल तर तो परत देतच नाही.